रंग पाहून कुलंट घेऊ नका

सास्तूर (ता. लोहारा, जि. धाराशिव) : आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या इंजिनाविषयी आम्ही लिहावे, हे पाहून आमचे मिस्त्री बांधव हसतील. हसू द्या. जो ठोकर खातो तोच रस्त्यातला दगड दुसऱ्याला दाखवतो. आम्ही खाल्लेली ठोकर महागाची होती. ती इतर व्यापारी आणि कारागीर बांधवांना बसू नये, एवढ्यासाठी हा लेख.

गोष्ट २०१९ सालच्या रमजानची. मे महिना संपत आला होता. ईदच्या मालासाठी आम्ही मुलाला घेऊन सोलापूरला गेलो. ड्रेस मटेरियल, शर्टपीस, मुलांचे तयार कपडे, काही चादरी असा गाडीभर माल घेतला आणि दुपारी निघालो. सोलापूर ते सास्तूर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अस्रच्या आत दुकानात पोहोचू, असा हिशेब होता. ऊन असे की डांबर मऊ झालेले. दोघांनाही रोजा. नळदुर्ग मागे पडले आणि मुलगा म्हणाला, "अब्बा, काटा वर चाललाय." आम्ही म्हणालो, "ऊन आहे, जाईल खाली. चल." काटा खाली आला नाही. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ निघू लागली.

गाडी बाजूला घेतली. मुलगा खाली उतरला आणि फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवायला लागला. तेवढ्यात रस्त्याकडेच्या टपरीवरचा एक म्हातारा ओरडला, "हात काढ पोरा, तोंड भाजून घेशील!" त्या माणसाला अल्लाहने आयुष्य द्यावे. दाबातले उकळते पाणी कसे उडते, ते आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

पुढची चूक मात्र आमचीच. अर्धा तास थांबलो, शेजारच्या शेतातल्या बोअरचे पाणी कॅनमधून आणून ओतले आणि पुन्हा निघालो. दहा-बारा किलोमीटरवर गाडी परत तापली. यावेळी इंजिनचा आवाजच बदलला. हेड गॅस्केट गेले होते. इफ्तार रस्त्यावरच खजूर-पाण्याने झाली. माल दुसऱ्या दिवशी भाड्याच्या टेम्पोने आला. गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये राहिली, म्हणजे ईदचा सगळा हंगाम. ठरलेली गिऱ्हाइके उमरग्याला जाऊन खरेदी करून आली. दुरुस्तीचे बिल हजारोंत गेले, ते वेगळेच. आणि हे सारे कशामुळे? ज्या वस्तूचा डबा एका साध्या शर्टपीसच्या भावात मिळतो, त्या वस्तूमुळे.

रेडिएटर उघडले तेव्हा

उमरग्याच्या वृद्ध मिस्त्री चाचांनी इंजिन खोलले आणि आम्हाला बोलावून दाखवले. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसला होता. चहाच्या पातेल्याच्या तळाला बसतो, अगदी तसा. त्यावर तपकिरी रंगाचा चिकट गाळ, घट्ट पेजेसारखा. चाचांनी विचारले, "शेठ, यात काय काय ओतलंय?"

आम्ही आठवून सांगितले. गाडी जुनी घेतलेली. घेतली तेव्हा टाकीत लाल कुलंट होते. पुढे पातळी कमी झाली तेव्हा रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने हिरवे टाकले. "कुलंट ते कुलंट, रंगाचं काय एवढं?" असे तो म्हणाला होता. त्यानंतर तीन वर्षे आम्ही स्वतःच अधूनमधून घरच्या बोअरचे पाणी टाकत आलो. चाचा म्हणाले, "मग गाडीचा काय कसूर? तुम्ही तिला तीन वर्षं जहर पाजलंय."

ते वाक्य आम्हाला लागले. आम्ही ज्या दुकानातून हे डबे घेतले, तिथे आम्ही फक्त रंग आणि भाव विचारला होता. आमच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक फक्त रंग पाहून कापड घेऊ लागले, तर आम्हीच त्याला थांबवतो. म्हणतो, भाऊ, रंग तर कशावरही चढतो. आत सूत आहे की पॉलिएस्टर, ते पाहा. कुलंटचेही तंतोतंत तसेच आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

इंजिनला कुलंट लागते कशाला

इंजिनात पेट्रोल-डिझेल जळते, त्यातली ढोबळ मानाने एक तृतीयांश शक्तीच चाकांकडे जाते. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुरासोबत बाहेर पडते. उरलेली इंजिनच्या अंगात राहते आणि ती बाहेर काढावी लागते. हे काम इंजिनभोवती फिरणारे पाणी करते. पंप त्याला फिरवतो, ते इंजिनातली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते, तिथे वाऱ्याने थंड होते आणि परत जाते. गाडी ठीक चालते तेव्हा या पाण्याचे तापमान ९० अंशांच्या आसपास असते. म्हणजे उकळीपासून ते फार लांब नसते.

साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. त्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळले की उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते, त्यामुळे तो आणखी वर चढून १२५ अंशांच्याही पुढे जातो. भर उन्हात, मालाने भरलेली गाडी घाट चढत असताना हीच जादाची जागा इंजिन वाचवते. झाकणाचे रबर कुजले असेल, तर चांगले कुलंट असूनही गाडी उकळते. म्हणून कुलंटबरोबर झाकणही तपासून घ्यावे.

आपल्याकडे बरेच लोक म्हणतात, कुलंट म्हणजे बर्फाळ मुलखातली चीज. मराठवाड्यात कुठे पाणी गोठते? हे अर्धे खरे आहे. १९२७ साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' नावाने ग्लायकॉल विकायला आले, ते पाणी गोठू नये म्हणूनच. निम्मे ग्लायकॉल असलेले पाणी उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते. आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला उपयोग आहे तो दुसऱ्या दोन गुणांचा. एक, ते उशिरा उकळते. दुसरा, त्यात गंज रोखणारी औषधे मिसळलेली असतात. इंजिनात लोखंड, अॅल्युमिनियम, रबर, तांबे, प्लास्टिक सगळे एकत्र नांदते. नुसते पाणी त्यातल्या धातूंना हळूहळू खाते. कुलंट त्यांचे रक्षण करते आणि वॉटर पंपाचेही.

जुन्या अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीत लोक नळाचे पाणी टाकत आणि गाड्या चालत. कारण त्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, जाड. खराब झाले तर आमचे कारागीर बांधव सोल्डर लावून ते पुन्हा उभे करत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्यानंतर हलक्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांचा जमाना सुरू झाला. २००५ साली टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती' आला आणि लहान व्यापाऱ्याच्याही दारात मालगाडी उभी राहिली. आजच्या गाड्यांत रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या. ते हलके आणि स्वस्त, पण नाजूक. जुन्या गाडीने जे पचवले, ते ही गाडी पचवत नाही.

ग्लायकॉल आमच्या ओळखीचे निघाले

चौकशी करताना एक गंमत कळली. कुलंटमधले हे इथिलीन ग्लायकॉल म्हणजे पॉलिएस्टरचा कच्चा माल. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी टेरेफ्थॅलिक आम्लाचा ग्लायकॉलशी संयोग करून जो धागा काढला, तोच पुढे टेरिलीन नावाने जगभर गेला. आजही एक किलो पॉलिएस्टर बनवायला सुमारे एक तृतीयांश किलो ग्लायकॉल लागते. म्हणजे जी वस्तू आम्ही आयुष्यभर मीटरवर मोजून विकली, तिचाच एक भाऊ रेडिएटरमध्ये फिरत होता आणि आम्हाला त्याची ओळख नव्हती.

शुद्ध ग्लायकॉलला रंग नसतो. ते पाण्यासारखे स्वच्छ, थोडे दाट असते. लाल, हिरवा, निळा, गुलाबी, नारिंगी हे सारे रंग कंपन्या वरून घालतात. गळती दिसावी आणि पाण्याशी घोटाळा होऊ नये, हा त्यांचा हेतू. कोणत्या जातीला कोणता रंग द्यायचा, याचा सर्वांनी पाळावा असा एकच नियम जगात नाही. टोयोटाचे दीर्घायुषी कुलंट गुलाबी. होंडाचे निळे. फोक्सवॅगनचे जुने कुलंट निळसर हिरवे, नंतरचे जांभळट. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९९० च्या दशकात काढलेले नारिंगी. होंडाचे निळे आणि फोक्सवॅगनचे जुने निळसर हिरवे शेजारी ठेवले तर नवखा माणूस म्हणेल एकच आहे. आतली औषधे मात्र वेगळी.

मग जात कशी ओळखायची

ग्लायकॉल जवळपास सगळ्यांत तेच. फरक गंज रोखणाऱ्या औषधांत. त्यावरून तीन मुख्य जाती पडतात.

पहिली जात जुनी. डब्यावर 'आय.ए.टी.' लिहिलेले असते. यात सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी खनिज औषधे असतात. ती धातूवर लगेच लेप धरतात, पण लवकर संपतात. साधारण दोन वर्षांनी हे कुलंट बदलावे लागते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या जुन्या गाड्यांना हीच जात लागते.

दुसरी 'ओ.ए.टी.'. यात सेंद्रिय आम्लांची औषधे असतात. ती सगळीकडे लेप देत बसत नाहीत; जिथे गंज धरू लागतो तिथेच काम करतात. म्हणून जास्त टिकतात, साधारण पाच वर्षे.

तिसरी मिश्र जात, 'एच.ओ.ए.टी.'. सेंद्रिय आम्लांबरोबर थोडे खनिज औषध. यातही दोन घराणी आहेत. जपान आणि कोरियाच्या कंपन्या सेंद्रिय आम्लासोबत फॉस्फेट घालतात आणि सिलिकेट टाळतात, कारण सिलिकेटने पंपाचे सील घासतात, असे त्यांचे मत. युरोपच्या कंपन्या सिलिकेट घेतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण त्यांच्याकडचे पाणी जड, क्षारांचे. फॉस्फेट आणि क्षार एकत्र आले की साका तयार होतो आणि तो नळ्यांत बसतो.

हे शेवटचे वाक्य आपल्या भागातल्या माणसाने दोनदा वाचावे. आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. बोअरचे पाणी क्षारांचे. आंघोळीच्या बादलीवर, नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडतात ते त्याचेच. जपानी किंवा कोरियन धाटणीच्या गाडीत फॉस्फेटचे कुलंट घालायचे आणि त्यात बोअरचे पाणी मिसळायचे, म्हणजे आपल्याच हाताने नळ्यांत चुना भरायचा.

दोन जाती एकत्र केल्या तर काय होते? दर वेळी गाळ होतोच असे नाही. पण एकमेकांची औषधे निकामी होतात, दीर्घायुषी कुलंट अल्पायुषी बनते, आणि काही जोड्या एकत्र आल्या की पेजेसारखा गाळ धरतात. आमच्या गाडीत तोच धरला होता.

तेव्हा नियम सोपा. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत कोणते कुलंट लागते ते लिहिलेले असते, तेच घ्यावे. पुस्तिका हरवली असेल तर गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने काय भरले ते ठाऊक नसेल, तर त्यात वरून काही टाकू नये. सगळे काढावे, आतून धुऊन घ्यावे आणि नव्याने भरावे. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. आम्ही गाडी घेतली त्या आठवड्यातच हे केले असते, तर तो हंगाम बुडाला नसता.

ट्रकवाल्या बांधवांसाठी एक वेगळी सूचना. मोठ्या डिझेल इंजिनात लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते. लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लायनरला बाहेरून सुईएवढी छिद्रे पडू लागतात. त्यासाठी अशा इंजिनांच्या कुलंटमध्ये खास औषध लागते. कारचा डबा स्वस्त पडला म्हणून तो ट्रकमध्ये ओतू नये. आणि ज्यांनी ई-गाडी घेतली आहे, त्यांनी बॅटरी थंड ठेवणाऱ्या कुलंटला हातही लावू नये. ते काम कंपनीच्या माणसाचे.

पाण्याचा हिशेब

बाजारात दोन तऱ्हेचे डबे मिळतात. एक दाट, म्हणजे 'कॉन्सन्ट्रेट', ज्यात आपण पाणी मिसळायचे. दुसरा तयार, 'रेडी टू यूज', ज्यात पाणी आधीच मिसळलेले. डबा घेताना हे पहिल्यांदा वाचावे. अर्धे नुकसान इथेच होते.

समजा गाडीत चार लिटर मावते. दाट कुलंट दोन लिटर आणि डिस्टिल्ड वॉटर दोन लिटर घातले, तर ग्लायकॉल निम्मे झाले. हिशेब बरोबर. पण तयार कुलंट दोन लिटर घेतले आणि 'वाढवण्यासाठी' त्यात दोन लिटर पाणी घातले, तर ग्लायकॉल उरले फक्त चौथा हिस्सा. औषधही तेवढेच पातळ झाले. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण नावे ठेवतो आणि स्वतःच्या गाडीत तेच करतो.

आणखी एक बारीक हिशेब मिस्त्री लोकांसाठी. गाडी पाण्याने धुऊन काढली की खालून सगळे पाणी निघत नाही. इंजिनच्या पोटात काही राहते. चार लिटरच्या गाडीतून अडीच लिटर निघाले आणि दीड लिटर साधे पाणी आतच राहिले असे धरा. वरून अडीच लिटर तयार कुलंट भरले, तर त्यात ग्लायकॉल सव्वा लिटर. चार लिटरमध्ये सव्वा लिटर, म्हणजे शंभरात एकतीस. अशा वेळी शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरने करावे आणि दाट कुलंट वापरून प्रमाण निम्म्यावर आणावे.

उलट, 'जास्त घातले तर जास्त चांगले' हेही खरे नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. नुसते दाट कुलंट भरले तर इंजिन जास्त तापते. निम्मे-निम्मे हे प्रमाण बहुतेक गाड्यांना मानवते. पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर तेच खरे.

पाणी कोणते? डिस्टिल्ड किंवा बॅटरीत घालतात ते क्षारमुक्त पाणी. बॅटरीच्या दुकानात चार कप चहाच्या पैशात मिळते. बोअर, विहीर, टँकर यांचे पाणी नको. फिल्टरच्या जारमधल्या पाण्यातही थोडे क्षार राहतात. अडीअडचणीला चालेल, सवय करू नये.

खोटा माल कसा धरायचा

रंगवलेले पाणी कुलंट म्हणून विकणारे लोक आहेत, हे कटू आहे पण खरे आहे. डब्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच, तारीख, ग्लायकॉलचे प्रमाण आणि मानक लिहिलेले आहे का ते पाहावे. भारतीय मानक आय.एस. ५७५९, जपानचे जे.आय.एस. के २२३४, अमेरिकेचे ए.एस.टी.एम. डी ३३०६ ही नावे चांगल्या डब्यांवर आढळतात. नुसते 'उच्च दर्जा' किंवा 'सुपर कूल' असे लिहिणे म्हणजे मानक नव्हे.

दुसरी कसोटी आपल्या दुकानातच आहे : तराजू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक लिटर दाट कुलंट भरते एक किलो शंभर ग्रॅमच्या वर. निम्मे पाणी मिसळलेले तयार कुलंट साधारण एक किलो सत्तर ग्रॅम. भांड्याचे वजन आधी काढून घ्यावे, मग एक लिटर मापून तोलावे. दाट म्हणून विकलेला माल किलोभरच भरला, तर समजावे की रंगीत पाणी आहे. ही कसोटी अपुरी आहे, कारण वजन वाढवायला दुसरे काही मिसळता येते. पण उघड फसवणूक ती पकडते. गॅरेजवाल्यांनी रिफ्रॅक्टोमीटर किंवा कुलंट तपासण्याचा हायड्रोमीटर ठेवावा. दोन थेंबांत किंवा एका नळीभर द्रवात ग्लायकॉलचे प्रमाण दिसते, आणि गिऱ्हाइकाला ते समोर दाखवता येते. असे दाखवणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

चव घेऊन मात्र कधीही पाहू नये. ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी आहे. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जनावरे आणि लहान मुले गोडव्याला भुलतात. म्हणून काढलेले कुलंट गॅरेजपुढे सांडू नये, विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये, आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. झाकणबंद कॅनमध्ये, वर नाव लिहून, कुलूपबंद जागी ठेवावे. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर घरगुती इलाजात वेळ न घालवता डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. सुरुवातीला माणूस ठीक दिसला तरी थांबू नये.

कुलंट चांगले, तरी गाडी तापते

कुलंट बरोबर भरूनही गाडी तापत असेल तर दोष दुसरीकडे असतो. रेडिएटरची जाळी धूळ, कचऱ्याने बंद झालेली असते. कापूस, सोयाबीनच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ती लवकर भरते. पंखा चालू होत नसेल, पट्टा सैल असेल, होज पाइप फुगला असेल, पंप गळत असेल. हे सारे पाहावे लागते.

एक रिवाज आपल्या गॅरेजांत जुना आहे : गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. मालकही खूश, काटा खाली. पण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, इंधन जास्त पिते आणि आतून लवकर झिजते. बिघडला असेल तर नवा बसवावा. काढून फेकणे हा इलाज नव्हे. आमच्या गाडीतूनही तो कोणीतरी कधीच काढून टाकला होता, हे चाचांनी खोलल्यावर कळले.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा वर जाऊ लागताच ए.सी. बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. उन्हात हे वेडेपणाचे वाटते, पण हीटर इंजिनातली काही उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. वाफ निघत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नये. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. झाकणाला हात लावून पाहावे. चटका बसत असेल तर अजून वेळ आहे. थंड झाल्यावर जाड कापड धरून, तोंड बाजूला ठेवून, हळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड वाकते किंवा तडा जातो. अगदी नाइलाजाने साधे पाणी घातले, तर जवळच्या गॅरेजपर्यंतच जावे आणि पुढे ते सगळे काढून टाकावे. थोडे चालवल्यावर काटा पुन्हा वर गेला, तर गाडी ओढून न्यावी. ओढण्याचे भाडे इंजिनच्या कामापेक्षा नेहमीच कमी असते. आम्ही त्या दिवशी ते भाडे वाचवायला गेलो होतो.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द

आपल्या समाजातले कितीतरी हात गॅरेज, रेडिएटर आणि पंपाच्या कामात आहेत. त्यांना आमची विनंती आहे. गाडीवाला तुमच्याकडे चावी देतो तेव्हा तो अमानत सोपवतो. त्याला जात कळत नाही, प्रमाण कळत नाही. तुम्ही ओतता ते तो मुकाट्याने घेतो. मापात आणि मालात खोट नको, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे, आणि ती तराजूइतकीच कुलंटच्या कॅनलाही लागू आहे. एवढे करा : कुलंट भरले की त्याची जात, तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवा. पुढचा मिस्त्री दुसरे काही ओतणार नाही, आणि गाडीवाला तुमचे नाव चार लोकांना सांगेल. उमरग्याच्या चाचांनी आमच्या गाडीत अशीच चिठ्ठी लावली. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या किती गाड्या त्यांच्याकडे गेल्या, ते आम्ही मोजलेले नाही.

गाडीवाल्यांनी आपल्या बाजूने आठवड्यातून दोन मिनिटे द्यावीत. येत्या जुम्म्याला सकाळी, इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे का पाहा. रंग गढूळ किंवा गंजासारखा झाला आहे का, वर तेलाचा तवंग आहे का, गाडीखाली ओल आहे का, तेही पाहा. वरचेवर पातळी उतरत असेल तर नुसते भरत राहू नका. ते कुठे जाते आहे ते शोधा. आणि बॉनेटखाली चिठ्ठी नसेल, तर शेवटचे कुलंट कधी बदलले ते आठवण्याचा प्रयत्न करा. आठवले नाही, तर गाडी मालाला पाठवण्याआधी मिस्त्रीकडे न्या.